अर्धी वाचलेली पुस्तके

सच्चर समितीच्या अहवालाचे नाव ऐकले नाही असा माणूस आमच्या मोहल्ल्यात शोधूनही सापडायचा नाही. निवडणुकीच्या सभेत ते ऐकू येते, ईद-मिलनात ऐकू येते, शादीखान्याच्या उद्‌घाटनातही ऐकू येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका जलशात एक वक्ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "सच्चरसाहेबांनी लिहून ठेवलंय, आपली हालत दलितांपेक्षा बदतर आहे!" टाळ्या पडल्या. जलसा संपल्यावर आमच्यातल्या एकाने त्यांना अदबीने विचारले, "साहेब, हे कोणत्या प्रकरणात आहे?" वक्ते हसले आणि म्हणाले, "मियाँ, एवढा मोठा अहवाल कोण वाचत बसतो? पेपरात आलंच होतं की."

त्या उत्तराचा आम्हाला राग आला नाही. थोडी शरमच वाटली, कारण बरीच वर्षे आमचीही गत तीच होती.

आम्ही म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे. तालुक्याच्या गावी दर रविवारी जोहरच्या नमाजनंतर एका दुकानाच्या माडीवर जमणारी आम्ही सात-आठ माणसे. त्यात एक निवृत्त उर्दू शाळेचे गुरुजी, एक शिलाईकाम करणारे मास्तर, एक वकील, फळांचा व्यापार करणारे एक बागवान, कापूस पिंजणाऱ्यांच्या घरातला एक बँक कारकून आणि पुढे आलेली डी. एड. झालेली एक मुलगी. आमच्याविषयी जे जे जाडजूड, रूक्ष आणि मनाला लागणारे लिहिले गेले आहे ते सगळे मिळून वाचायचे, एवढाच या बैठकीचा रिवाज. एकजण मोठ्याने वाचतो, वकील इंग्रजीचा मराठीत अर्थ सांगतात, बाकीचे वाद घालतात. या वाचनात आम्हाला हळूहळू एक जुनी खोड दिसू लागली. आपल्याविषयीचे पुस्तक आपण अर्धेच वाचतो. विरोधक एक अर्धे वाचतात आणि आपण दुसरे. ही खोड किती जुनी आहे, हे पाहायला थेट १८७१ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी विल्यम विल्सन हंटर या बंगालमधील सनदी अधिकाऱ्याचे 'द इंडियन मुसलमान्स' हे पुस्तक निघाले. राणीविरुद्ध बंड करणे हे मुसलमानांचे धार्मिक कर्तव्य आहे काय, असा प्रश्न व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांना पडला होता आणि पुस्तकाच्या उपशीर्षकात तोच प्रश्न होता. काळ मोठा कठीण होता. वहाबींवरचे खटले ताजे होते. सप्टेंबर १८७१ मध्ये कलकत्त्याचे हंगामी मुख्य न्यायाधीश नॉर्मन यांचा एका मुसलमानाने खून केला. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी खुद्द मेयोच अंदमानात शेर अली नावाच्या कैद्याच्या हातून मारले गेले.

हंटरच्या पुस्तकात चारच प्रकरणे आहेत. पहिली दोन सरहद्दीवरच्या बंडखोर छावणीची आणि देशात पसरलेल्या कटाची. तिसरे फतव्यांचे. चौथे मात्र अगदी वेगळ्या सुराचे आहे. इंग्रजी अमलात मुसलमानांवर अन्याय कसा झाला, याचा तो पाढा आहे. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने महसुलाच्या जागा गेल्या, इनाम जमिनी तपासून खालसा झाल्या, १८३७ मध्ये कचेरीतून फारसी गेली आणि तिच्यासोबत मुनशी-काझींची रोजीरोटी गेली. हंटरने तिथे एक तक्ता दिला आहे. १८७१ मध्ये बंगालमधील राजपत्रित जागा २,१११. त्यांत युरोपीय १,३३८, हिंदू ६८१ आणि मुसलमान ९२.

आता गंमत अशी, की या पुस्तकाचे तेव्हापासून दोन तुकडे झाले. ज्यांना मुसलमान मुळातच बंडखोर आहे असे ठरवायचे असते ते पहिली दोन प्रकरणे काढतात. ज्यांना आपल्या दैन्याची दाद मागायची असते ते चौथे काढतात. आमच्या गुरुजींनी तरुणपणी पाठ केलेला ९२ चा आकडा आम्हालाही तोंडपाठ होता. पण तो तक्ता ज्या पुस्तकात आहे त्याचे पहिले पान कसे आहे, हे साठी उलटल्यावर कळले, अशी कबुली गुरुजींनीच दिली.

हे पुस्तक सलग वाचून त्याला उत्तर देणारा माणूस त्या वेळी बनारसला न्यायखात्यात नोकरी करीत होता. त्यांचे नाव सय्यद अहमद खान. त्यांना अशा वाचनाची सवय आधीच लागली होती. १८५७ नंतर त्यांनी 'असबाब-ए-बगावत-ए-हिंद' लिहून बंडाची कारणे सरकारच्याच पदरात घातली होती. १८६९ मध्ये ते मुलांसह विलायतेला गेले. विल्यम म्यूरने लिहिलेले पैगंबरांचे चार खंडी चरित्र त्यांच्या डोक्यात घोळत होते. ते वाचून जीव होरपळतो, असे त्यांनी मित्राला कळवले. तरीही पुस्तक बाजूला फेकले नाही. इंग्रजी बेताचेच येत असे, म्हणून ते दुसऱ्यांकडून वाचून घेतले. लंडनच्या ग्रंथालयांतून संदर्भ गोळा केले, छपाईसाठी पैशाची जुळवाजुळव करायला घरी पत्रे धाडली, आणि १८७० मध्ये आपले निबंध इंग्रजीत छापून आणले.

हंटरच्या बाबतीतही त्यांनी तेच केले. १८७१ च्या अखेरीपासून अलाहाबादच्या 'पायोनियर' पत्रात त्यांची लेखमाला आली आणि १८७२ मध्ये तिचे पुस्तक झाले. मेयोंच्या खुनाची बातमी आली तेव्हा ती लेखमाला चालूच होती. अशा दिवसांत मुसलमानाने सरकारी अधिकाऱ्याच्या पुस्तकाला छापून जाब विचारणे म्हणजे काय धाडस असेल, याचा अंदाज आजच्या वाचकाला सहज यावा. सय्यद अहमद यांचा मुख्य मुद्दा साधा होता. लेखकाने बंगालचे पाहून साऱ्या हिंदुस्थानच्या मुसलमानांवर शिक्का मारला. सरहद्दीवरचे पठाण वहाबी नव्हेत, सय्यद अहमद बरेलवींची मोहीम शिखांविरुद्ध होती, तिचा रोख इंग्रजांवर नव्हता, असे एकेक विधान घेऊन त्यांनी पुस्तकाशी झगडा केला. त्यांच्या काही युक्तिवादांत सरकारची मर्जी राखण्याची धडपडही दिसते. आम्ही ती नाकारत नाही. पण जे चौथे प्रकरण त्यांच्या बाजूचे होते त्यावर ते नुसते खूश होऊन बसले नाहीत, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. मुसलमान मुले सरकारी शाळांत का जात नाहीत, यावर त्यांनी आधीच एक समिती नेमून निबंध मागवले होते. १८७५ मध्ये अलीगढला शाळा उघडली. पुस्तकाचा जो भाग टोचत होता त्याला लेखणीने उत्तर आणि जो भाग पटत होता त्याला शाळेने, अशी ती वाटणी होती.

हंटर एवढ्यावर आपला पिच्छा सोडत नाही. १८८२ मध्ये तोच हंटर शिक्षण आयोगाचा अध्यक्ष झाला आणि या वेळी त्याची गाठ महाराष्ट्राशी पडली. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या वतीने बद्रुद्दीन तय्यबजींनी त्याच्यापुढे साक्ष दिली. पुण्याहून जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सय्यद अहमदही आयोगापुढे बोलले. आमच्या माडीवर आम्ही फुले आणि सय्यद अहमद यांचे म्हणणे शेजारी ठेवून वाचले, तो रविवार आम्ही विसरणार नाही. जोतीराव म्हणत होते, सरकार वरच्यांच्या उच्च शिक्षणावर पैसा ओतते आणि ज्या कष्टकऱ्यांच्या करातून तो येतो त्यांच्या पोरांना साधी शाळा नाही. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. सय्यद अहमद मुलींच्या शिक्षणाबद्दल म्हणत होते, आधी पुरुष शिकू द्या, मग स्त्रिया आपोआप शिकतील.

शिलाई मास्तरांनी कात्री खाली ठेवली (ते बैठकीतही काम आणतात) आणि म्हणाले, "म्हणजे आपल्यासारख्यांची वकिली फुल्यांनी केली की!" गुरुजींना ते झोंबले. अलीगढ हा त्यांच्या काळजाचा विषय. पण मास्तरांचे बोलणे खोटे नव्हते. महाराष्ट्रातला मुसलमान बहुतांशी नवाबाच्या घरचा नव्हे. तो अत्तार, तांबोळी, मोमीन, मुलाणी, शिकलगार. त्याची फारसी कधी गेलीच नाही, कारण ती त्याच्याकडे नव्हतीच. हंटरचे चौथे प्रकरण बंगालच्या बुडालेल्या उमरावांचे आहे. ते वाचून आपण शंभर वर्षे दुसऱ्याच्या हवेलीसाठी रडत राहिलो, असे आम्हाला त्या दिवशी वाटून गेले.

स्वातंत्र्यानंतर पुस्तकांची जागा अहवालांनी घेतली, आणि अहवालांची जागा कपाटांनी. मे १९७० च्या भिवंडी, जळगाव व महाडच्या दंगलींवर न्यायमूर्ती मादन आयोगाने अनेक खंड लिहून पोलीस तपासातला पक्षपात उघडा केला. तो वाचलेला माणूस भिवंडीतही क्वचित भेटतो. गोपाल सिंग समितीने १९८३ मध्ये अहवाल दिला, तो संसदेपुढे यायला १९९० उजाडले.

याच काळात आपल्यातलाच एक माणूस आपल्यावर मराठीत लिहीत होता. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात स्त्रियांचा मोर्चा विधान भवनावर नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांच्या राजकीय लेखनाचा दिलीप चित्र्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६८ मध्ये निघाला. आमच्या वडिलांच्या पिढीला दलवाईंविषयी ठाम मत होते. पुस्तक मात्र एकाच्याही घरात नव्हते. उलट ज्या घरांत ते होते त्यांपैकी अनेकांना त्यातली मुस्लिम राजकारणावरची टीका तेवढी प्यारी होती. हिंदू पुनरुज्जीवनवादावरही त्यांनी कोरडे ओढले आहेत, ती पाने ते भराभर उलटत असत. आम्ही दलवाई वाचले ते फार उशिरा. काही ठिकाणी पटले, काही ठिकाणी आमचे आणि त्यांचे कडाक्याचे वाजले. धर्मग्रंथाला बाजूला ठेवूनच सुधारणा होईल, हे त्यांचे म्हणणे आमच्या बैठकीत अजून कोणी मान्य केलेले नाही. पण तोंडी तलाकचा प्रश्न त्यांनी १९६६ मध्ये मांडला आणि तो आपण घरातल्या घरात सोडवला नाही. अखेर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये, आपल्याला न विचारता, संसदेने त्याचा निकाल लावला. पन्नास वर्षे आपल्या हातात होती.

आमची बैठक सुरू झाली ती मात्र एका वेगळ्या अहवालापासून.

मुंबईच्या दंगलींवर नेमलेला न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने गुंडाळला होता. ओरड झाल्यावर मे महिन्यात, मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषय त्याला जोडून, तो पुन्हा जिवंत केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला आणि ६ ऑगस्टला विधिमंडळात मांडला गेला, तोही सरकारने फेटाळल्याच्या निवेदनासह. ज्या पक्षाच्या नेतृत्वावर अहवालात ठपका होता तोच पक्ष राज्य करीत होता. तेव्हा प्रती मिळणे मुश्कील होते. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने झेरॉक्सचे बाड आणले. पाने मागेपुढे झालेली, काही ठिकाणी शाई उडालेली. गुरुजींच्या घरात आम्ही ती लावायला बसलो, आणि लावता लावता वाचू लागलो.

मृतांची संख्या ९००. त्यांत मुसलमान ५७५, हिंदू २७५, ओळख न पटलेले ४५ आणि इतर ५. पोलीस ठाण्यागणिक हकीकत. सुलेमान उस्मान बेकरी, वडाळ्याची हरी मशीद. ३१ पोलिसांवर ठपका. वाचताना कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आमच्यातल्या बागवानांचा मामेभाऊ त्या जानेवारीत मुंबईत होता. तो परत आला, पण पुन्हा कधी मुंबईचे नाव काढले नाही.

मग जोगेश्वरीचे पान आले. राधाबाई चाळ. रात्रीच्या वेळी घराला बाहेरून कडी घालून आग लावली गेली आणि आतली सहा हिंदू माणसे जळून मेली. वाचणारा तरुण थबकला. त्याने पान उलटायला हात लावला. तेव्हा एरवी एका कोपऱ्यात बसून काही न बोलणारे शिलाई मास्तर घरच्या बोलीत म्हणाले, "पन्ना नक्को पलटाव. पूरा पढ."

त्यावर वाद झाला. एकजण म्हणाला, आपल्यावर एवढा जुलूम झाला असताना हे कशाला मोठ्याने वाचायचे? ते वाचायला दुसरे आहेतच. मास्तर म्हणाले, दुसरे तेवढेच पान वाचतात आणि आपण तेवढेच सोडतो. मग न्यायाधीशाने दोन्ही लिहिले कोणासाठी? त्या बाडात आणखीही काही गोष्टी सापडल्या, ज्या कोणत्याच सभेत ऐकल्या नव्हत्या. डिसेंबर १९९२ मधला उद्रेक ही मशीद पडल्याने खवळलेल्या, नेता नसलेल्या मुसलमान जमावांची उत्स्फूर्त प्रतिक्रिया होती आणि शांततेने सुरू झालेला निषेध पुढे दंगलीत घसरला, असे आयोगाने नोंदवले आहे. त्याच वेळी मशीद पाडल्याच्या आनंदाच्या मिरवणुकांनी आगीत तेल ओतले, हेही नोंदवले आहे. सरकारने अहवाल एकतर्फी म्हणून फेटाळला. फेटाळणाऱ्यांनी तो वाचला होता की नाही, हा प्रश्न आम्हाला त्या दिवसापासून पडला आहे. कारण एकतर्फी अहवालात राधाबाई चाळ कशी येईल?

त्या अहवालाचे प्रकरण अजूनही पुरते मिटलेले नाही. २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. कायदा व सुव्यवस्था राखण्यात राज्य अपयशी ठरले, असे स्पष्ट म्हटले आणि १६८ बेपत्ता माणसांपैकी ज्यांच्या घरच्यांना भरपाई मिळाली नाही त्यांना शोधून ती देण्याचा आदेश दिला. तीस वर्षांनंतर घरे शोधायची! अनेक झोपड्यांच्या जागी आता इमारती उभ्या आहेत.

सच्चर अहवाल हाती आला तेव्हा आम्हाला वाचनाचे वळण पडले होते. मार्च २००५ मध्ये समिती नेमली गेली, १७ नोव्हेंबर २००६ रोजी तिने पंतप्रधानांना अहवाल दिला आणि महिनाअखेर तो संसदेत आला. चारशेवर पाने, बारा प्रकरणे, त्यात तक्तेच तक्ते. आम्हाला तो संपवायला जवळजवळ वर्ष लागले. त्यात जलशातल्या त्या वक्त्यांचे वाक्य जसेच्या तसे कुठेच मिळाले नाही. समितीचा निष्कर्ष असा, की बहुतेक बाबतींत मुसलमान हे अनुसूचित जाती-जमातींच्या थोडे वर आणि हिंदू ओबीसींच्या खाली आहेत, काही बाबतींत सर्वांच्या खाली. हे वाक्य टाळीचे नाही, पण खरे आहे. दुसरीकडे, मुसलमानांची पोरे मदरशातच जातात, असे छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनाही अहवाल उत्तर देतो. शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी फक्त ३ टक्के. भारतीय प्रशासकीय सेवेत मुसलमान ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के, हे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. सात ते सोळा वयाच्या मुलाला देशात सरासरी चार वर्षे शाळा लाभते आणि मुसलमान मुलाला तीन वर्षे चार महिने, हा आकडा मात्र कोणी सांगत नाही. आमच्या मते साऱ्या अहवालात तोच सर्वांत जास्त रडवणारा आहे.

मग महाराष्ट्राचा तक्ता आला आणि आम्ही चक्रावलो. २००१ च्या जनगणनेनुसार राज्याची साक्षरता ७६.९ टक्के, आणि राज्यातल्या मुसलमानांची ७८.१. म्हणजे आपण पुढे! मास्तर म्हणाले, "मग आपण मागास कशाने?" तेवढा तक्ता दाखवून एखादा मंत्री आपले तोंड बंद करील, अशी भीती वकिलांना वाटली. दोन रविवार त्यावर गेले. शेवटी गाठ सुटली ती आमच्या डी. एड. झालेल्या आपाने सोडवली. महाराष्ट्रातले जवळजवळ ७० टक्के मुसलमान शहरांत राहतात आणि एकूण राज्यात शहरी वस्ती ४२ टक्क्यांच्या आसपास. शहरात शाळा दाराशी असते. म्हणून आपली तुलना शहरी महाराष्ट्राशी करायला हवी, आणि ती साक्षरता तेव्हा ८५ टक्क्यांवर होती. शिवाय साक्षर म्हणजे नाव-गाव लिहिता येणारा. पुढे किती जण टिकतात, हे तो आकडा सांगत नाही. त्यानंतर आम्ही आमच्याच चार गल्ल्यांत वही घेऊन फिरलो. दहावीचा निकाल लागताच गॅरेजवर, बेकरीत, फळाच्या गाड्यावर गेलेली पोरे दारोदार निघाली. वही अजून आमच्याकडे आहे. ते आकडे आम्ही इथे छापत नाही, चार गल्ल्यांवरून कौमचे चित्र काढले तर हंटरचीच चूक होईल.

याच आपाने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली, जी आम्हा पुरुषांच्या नजरेतून निसटली होती. तिने अहवालाचे पहिले पान उघडले आणि सदस्यांची नावे वाचली. अध्यक्ष धरून सात जण, बाई एकही नाही. "सरांनो, अर्ध्या कौमबद्दल लिहायला यांना कोणी मिळालं नाही का?" देशभरातल्या स्त्री संघटनांनीही हाच आक्षेप घेतला होता, हे आम्हाला मागाहून कळले.

पण खरी परीक्षा दहाव्या प्रकरणाने घेतली. ते मुस्लिम ओबीसींविषयी आहे. अश्रफ, अजलाफ, अर्जाल असे तीन थर आपल्यात आहेत, असे सरकारी अहवालात स्वच्छ लिहिलेले. महाराष्ट्रात ही गोष्ट नवी नव्हती. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभारली होती, दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले होते, आणि १९९४ मध्ये शासन निर्णयही निघाला होता. तरी आमच्या एका बुजुर्ग सदस्यांनी, जे सय्यद घराण्यातले आहेत, पुस्तक मिटायला सांगितले. इस्लाममध्ये जात नाही, हे सगळे फूट पाडण्यासाठी लिहिले आहे, असे ते म्हणाले. बँकेतला पिंजारी मुलगा शांतपणे म्हणाला, "चाचा, दीनमध्ये नाही हे मलाही मान्य आहे. तुमच्या घरात माझ्या धाकट्या भावाचं स्थळ चालेल का?"

चाचा उठून गेले. पुढचे तीन रविवार आलेच नाहीत. चौथ्या रविवारी आले, आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि म्हणाले, "दहावं प्रकरण झालं का पुरं?" झाले नव्हते. त्यांच्यासाठी ठेवले होते. ते त्यांनीच वाचून पुरे केले, चष्मा दोनदा पुसून. स्थळाची गोष्ट पुढे निघाली नाही. पण त्यानंतर त्यांच्या तोंडून 'आपल्यात जात नाही' हे वाक्यही आम्ही ऐकलेले नाही.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. राज्य सरकारने २००८ मध्ये महमूदुर्रहमान अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. जुलै २०१४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर मुसलमानांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये शिक्षणातले आरक्षण चालू ठेवण्यास मुभा दिली, पण नव्या सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही आणि तो विरून गेला. मोर्चे निघाले. त्या मोर्चांत अभ्यासगटाचा अहवाल हातात धरलेले किती असतील? आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. सच्चरचे बरेच आकडे २००१ च्या जनगणनेवर उभे आहेत. आजही व्यासपीठांवरून ते 'आज आपली स्थिती अशी आहे' म्हणून सांगितले जातात. २०११ नंतरच्या जनगणनेचे आकडे अजून आपल्या हातात नाहीत, हे खरे. पण वीस-पंचवीस वर्षे जुना आकडा आजचा म्हणून सांगणे योग्य नव्हे.

गेल्या रमजानपासून आमच्यात एक नवा मुलगा येतो. अभियांत्रिकीला आहे. पहिल्याच दिवशी त्याने मोबाईल पुढे केला. डॉ. आंबेडकरांच्या नावाने एक उतारा फिरत होता. इस्लाममधले बंधुत्व मुसलमानांपुरतेच आहे, अशा आशयाचा. वर्गातल्या मित्राने त्याला तो पाठवला होता. त्याने रागाने विचारले, "हे खोटं आहे ना?"

आम्ही म्हणालो, खोटे नाही. बाबासाहेबांनी तसे लिहिले आहे. १९४० मध्ये त्यांचा पाकिस्तानवरचा ग्रंथ निघाला, त्याच्या चौथ्या भागात आपल्या समाजावर कठोर प्रकरणे आहेत. पडदा, बालविवाह, आपल्यातल्या जाती, सुधारणेचा अभाव. आणि त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात, हिंदू राज प्रत्यक्षात आले तर ती या देशावरची सर्वांत मोठी आपत्ती ठरेल, ती येऊ देता कामा नये, असेही त्यांनीच बजावले आहे. तुझ्या मित्राने एक तुकडा पाठवला. तू त्याला दुसरा तुकडा पाठवू शकतोस, आणि मग दोघे आयुष्यभर तुकडे पाठवत बसाल.

मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुस्तक मिळेल?" महाराष्ट्र शासनाने छापलेला आठवा खंड वकिलांनी ग्रंथालयातून आणला. आता तोच मोठ्याने वाचतो. त्याचे इंग्रजी आमच्या वकिलांपेक्षा बरे आहे. दहावे प्रकरण गेल्या महिन्यात झाले, ऐकताना त्रास झाला, दोन जणांनी चहा तसाच ठेवला. पाचव्या भागातले ते हिंदू राजविषयीचे पान आधीच काढून वाचू या, अशी सूचना एकाने केली. मास्तरांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. येत्या रविवारी अकरावे प्रकरण आहे.